नको तो क्लिक आला कुठून?

माझं काम अक्षरजुळणीचं, त्यामुळे दिवसभर हात माउसवर. एकदा आठव्या प्रकरणाचं फोल्डर जागेवर नव्हतं. रीसायकल बिनमध्येही नाही. शेवटी ते शेजारच्या चित्रांच्या फोल्डरच्या पोटात सापडलं. उघडायला क्लिक करताना माझा हात जरासा सरकला होता आणि संगणकाने ते ओढून तिथे टाकलं होतं. तेव्हापासून असं काही झालं की मी आधी बघते, दोष बटणाचा, सेटिंगचा की हाताचा. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

बटणाची परीक्षा सोपी आहे. कोऱ्या फाइलमध्ये एक लांब शब्द टाइप करा आणि त्याच्या मधोमध एकेक क्लिक करत राहा. दोन क्लिकमध्ये सेकंदभर थांबायचं, निदान पन्नास वेळा करायचं. एकेरी क्लिकने कर्सर नुसता शब्दात जाऊन उभा राहतो. मध्येच अख्खा शब्द निळा झाला, तर माउसने डबल क्लिक पाठवला. बटणाखालच्या स्विचमधली धातूची पट्टी झिजली की दाबताना थरथरते आणि एका दाबाचे दोन होतात. खात्रीसाठी दुसरा माउस लावून हेच करा. तो नीट चालला तर पहिल्याचा स्विच किंवा माउसच बदला.

इथे बरेच जण डबल क्लिकचा वेग बदलत बसतात. दोन क्लिक किती वेळात आले तर डबल धरायचे, ते हा वेग ठरवतो. विंडोजमध्ये तो मुळात ५०० मिलिसेकंदांवर असतो आणि कमीत कमी २०० पर्यंत येतो. पट्टीची थरथर त्याहून कितीतरी झटपट संपते, म्हणून तिच्यावर हा उपाय चालत नाही. सावकाश केलेले दोन वेगळे क्लिक जोडले जात असतील, तर मात्र जरूर करा.

आता माझ्या फोल्डरचं. बटण दाबून बाण ४ पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे चार ठिपके, सरकला की विंडोज ते ओढणं समजतं. बारीक पिक्सेलच्या पडद्यावर ४ म्हणजे काहीच नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग साठवतं त्या कोठारात, करंट युजरखाली 'कंट्रोल पॅनेल', त्यात 'डेस्कटॉप' उघडा. तिथल्या 'ड्रॅगविड्थ' आणि 'ड्रॅगहाइट' या दोन नोंदी मी २० केल्या. साइन आउट करून परत आत या. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवाच. आणि फोल्डर हरवलेलं लगेच लक्षात आलं तर शोधू नका, त्याच खिडकीत कंट्रोल-झेड दाबा, परत येतं.

माउसच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी तपासा. 'स्नॅप टू' चालू असेल तर डायलॉग, म्हणजे प्रश्न विचारणारी छोटी खिडकी, उघडताच बाण आपोआप तिच्यातल्या मुख्य बटणावर उडी मारतो आणि घाईतला क्लिक तिथेच बसतो. 'क्लिकलॉक' चालू असेल तर माउसचं बटण थोडा वेळ दाबून सोडलं तरी धरलेलंच राहतं. लॅपटॉपवर टाइप करताना कर्सर भलतीकडे जात असेल, तर टचपॅडवरचं टॅप करून क्लिक बंद करा.

पडद्यावरच्या चुकीच्या बटणावर दाब पडलाच, तर बोट उचलू नका. बहुतेक प्रोग्रॅममध्ये क्लिक लागू होतो तो माउसचं बटण सोडताना. दाबून धरा, बाण बाजूच्या मोकळ्या जागेत न्या, मग सोडा. फाइल ओढताना चूक लक्षात आली तर बोट तसंच ठेवून एस्केप दाबा.