हलकं बेक्ड व्हेज करताय? या चुका टाळा

व्हाइट सॉस, मॅकरोनी, चार भाज्या आणि वर भरपूर किसलेलं चीज. वाढदिवस असो, भिशी असो, मुलांची परीक्षा संपलेली असो, पुण्यातल्या कितीतरी घरांत बेक्ड व्हेज होतंच. कोथरूडला माझ्या क्लासला येणाऱ्या प्रत्येकीची आता एकच मागणी असते, ‘काकू, तेच शिकवा, पण हेल्दी.’ शिकवते. मग घरी गेल्यावर मंडळी स्वतःचं डोकं चालवतात, आणि ऐन पाहुणे यायच्या वेळेला मला फोन येतात.

या पदार्थात लोणी, मैदा, क्रीम आणि चीज उगाच आलेली नाहीत. लोण्यात परतल्याने मैद्याचा कच्चेपणा जातो आणि गुठळ्या होत नाहीत. मैदा सॉसला धरून ठेवतो. क्रीममुळे सॉस जिभेवर रेशमी लागतो, आणि चीजमुळे वर खरपूस पापुद्रा येतो. यातलं काहीही कमी करा, माझी हरकत नाही. पण जे काढलंत त्याचं काम आता कोण करणार, हे आधी ठरवा. बहुतेक जणी नुसतं काढतात आणि मग ‘हेल्दी म्हणजे बेचवच असतं हो’ म्हणून मोकळ्या होतात.

कुठे कात्री लावायची तेही बघा. सहा जणांच्या नेहमीच्या पाककृतीत साधारण ५० ग्रॅम लोणी, २०० मिली क्रीम आणि २०० ग्रॅम चीज जातं. आपल्याकडच्या पाकिटातल्या क्रीममध्ये २५ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे एकट्या क्रीममधून ५० ग्रॅम फॅट, सुमारे ४५० कॅलरी. ते पूर्ण काढलं तरी चालतं. लोणी १५ ग्रॅमवर आणता येतं, चीज ७०-८० ग्रॅमवर. एवढ्यावर थांबा. त्याच्याखाली गेलात तर ते बेक्ड व्हेज नाही, आजारी माणसाचं जेवण होतं.

क्रीमच्या जागी दही

सगळ्यात जास्त फोन यावरूनच येतात. रीलमध्ये कोणीतरी गरम सॉसमध्ये वाटीभर दही ओतताना दाखवतं, वर ‘गिल्ट फ्री’ असं लिहितं, आणि पुढच्याच क्षणाला सोनेरी डिश टेबलावर. मधलं काय कापून टाकलंय ते कोणी विचारत नाही.

माझी एक विद्यार्थिनी सिंहगड रोडला राहते. हुशार मुलगी, पण धीर म्हणून नाही. तिच्याकडे भिशी होती, दहा-बारा जणी यायच्या होत्या. तिने फॅट-फ्री दही आणलं, फ्रिजमधून काढलं ते तसंच रटरटत्या सॉसमध्ये घातलं, आणि एकजीव होईना म्हणून गॅस आणखी मोठा केला. फोनवर पहिलं वाक्य, ‘काकू, सगळ्याचं पनीर झालं!’ कढईत हिरवट पाणी, त्यात पांढरे कण, आणि मॅकरोनी आधीच मिसळून झालेली. ती सगळंच टाकून पिझ्झा मागवायच्या बेतात होती.

तिला म्हटलं, रड नंतर, आधी मोठी चाळणी काढ. मॅकरोनी आणि भाज्या चाळणीत, खाली पातेलं. फुटलेला सॉस पातेल्यात जमला. नशिबाने सकाळच्या भाजीचे दोन उकडलेले बटाटे शिल्लक होते. ते आणि तो सॉस मिक्सरमध्ये अगदी गुळगुळीत फिरवायला लावला. दोन चमचे कॉर्नफ्लोअर अर्ध्या वाटी थंड दुधात कालवून त्यात घातलं, मंद आचेवर एक उकळी आणली, पाव चमचा साखर, जायफळ, चिमूटभर मोहरीची पूड. पुन्हा सगळं एकत्र केलं आणि ओव्हनमध्ये सरकवलं. आंबटपणा थोडा राहिलाच. एका मैत्रिणीने ‘यात पनीर पण आहे का गं?’ असं विचारलं म्हणे. बाकी डिश चाटूनपुसून संपली.

असं का होतं? दही आधीच आंबट. त्यातल्या प्रथिनांना जास्त आच लागली की ती आक्रसतात आणि पाणी सोडून देतात. फॅट कमी असेल तर हे आणखी लवकर होतं, म्हणजे ‘लाइट’ म्हणून आणलेलं दही सर्वांत आधी फुटतं. आपल्याला हे नवीन आहे का? कढी फुटू नये म्हणून दह्याला बेसन लावूनच आपण ती उकळवतो ना? इथेही तेच करायचं. पिठातला स्टार्च मध्ये आला की कण एकमेकांना चिकटत नाहीत. ज्या बाईच्या हातची कढी जन्मात फुटली नाही, तीच व्हाइट सॉस म्हटला की हे विसरते, कारण सॉस ‘इंग्लिश’ आहे!

दहीच घालायचं असेल तर चक्का घ्या. तो बाहेर काढून फ्रिजचा गारठा जाऊ द्या. वाटीभर चक्क्याला दोन चमचे कॉर्नफ्लोअर फेटून लावा, त्यात आधी दोन-तीन डाव कोमट सॉस कालवा आणि मग गॅस बंद करून ते सगळं मोठ्या सॉसमध्ये मिसळा. मी स्वतः दही घालत नाही. फ्लॉवरचा पाव किलोचा गड्डा देठासकट मऊ वाफवते, निथळते आणि वाटीभर दुधाबरोबर मिक्सरमधून काढते. क्रीमचं काम तो निमूटपणे करतो. रंग हवा असेल तर निम्मा फ्लॉवर, निम्मा लाल भोपळा. पिवळसर सॉस बघून मुलं चीज समजून खातात, आणि त्यांना कोणी काही सांगायचं नाही असा माझ्याकडे नियम आहे. फ्लॉवर फार शिजला तर वास मारतो, तेवढं सांभाळा. जायफळ आणि मोहरीची पूड त्यासाठीही लागतेच. शिवाय मोहरीमुळे कमी चीजचीही चव उठून येते.

पाणी सोडणाऱ्या भाज्या कच्च्याच घालणं

आमच्या धाकट्या दिरांना जिमचा नाद लागला त्या वर्षीची गोष्ट. रविवारी घोषणा झाली, ‘वहिनी, आज तुम्ही बसा. मॅकरोनी कशाला? तिच्या जागी झुकिनी.’ किलोभर झुकिनी आणि दोन पाकिटं मशरूम. दोन्ही चिरून कच्चेच भांड्यात गेले, त्यावर सढळ हाताने मीठ, सॉस, चीज. ओव्हन तापेपर्यंत ते सगळं तसंच मीठ लावून बसलेलं. तासाभराने डिश बाहेर आली तेव्हा वरून अगदी फोटोतल्यासारखी. चमचा घातला आणि बोटभर पाणी वर आलं. चीजचा पापुद्रा एका बाजूने तरंगायला लागला. सासूबाई म्हणाल्या, ‘सूप छान झालंय रे.’ दिरांनी दोष दिला ओव्हनला.

ओव्हनने काय करायचं? झुकिनीत आणि दुधीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, मशरूममध्ये ९० टक्क्यांच्या वर. मिठाने ते बाहेर ओढलं जातं, आणि वर चीजचं झाकण असल्यामुळे वाफ जायला वाट नाही. जुन्या पाककृतीत मैदा आणि मॅकरोनी थोडं पाणी पिऊन टाकत. हलक्या पाककृतीत आपण दोन्ही कमी करतो आणि पाण्याची भाजी दुप्पट घालतो. मग तळं होणारच.

माझी सवय अशी. लोखंडी कढई धूर निघेल इतकी तापवायची, चमचाभर तेल, आणि मशरूम किंवा झुकिनी थोडी-थोडी करून मोठ्या आचेवर परतायची. झाकण नाही, मीठ नाही. मशरूम आधी पाणी सोडतो, मग ते पाणी आटतं, मग कडा तांबूस होतात आणि आवाज बदलतो. चुरचुर सुरू झाली की उतरवा. त्या आधी उतरवलात तर परतलंच नाहीत असं समजा. दुधी असेल तर किसून, मीठ लावून पिळून घ्या, आपण कोफ्त्याला पिळतो तसाच, आणि ते पाणी कणकेत वापरा. फरसबी, गाजर, फ्लॉवर वाफवले की चाळणीत पसरून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या. फ्रोझन मटार बर्फासकट ओतू नका. सीझनमध्ये मंडईत पुरंदरचा मटार मिळत असताना फ्रोझन का आणायचा, हा प्रश्न मी क्लासमध्ये विचारणं सोडून दिलंय. ‘सोलत कोण बसणार काकू?’ हे उत्तर पाठ झालंय.

तळं झालंच असेल तर पापुद्रा एका कोपऱ्यात उचला, डावाने पाणी काढा, छोट्या पातेल्यात निम्मं आटवा, चमचाभर कॉर्नफ्लोअर लावून परत ओता आणि पुन्हा दहा मिनिटं भाजा. नव्यासारखं होत नाही, वाढण्यासारखं होतं.

बाकीच्या चुका, भराभर

लोण्याऐवजी ऑलिव्ह ऑइल घातलं म्हणून डिश हलकी होत नाही. मोठा चमचाभर लोण्यात सुमारे १०० कॅलरी, तेवढ्याच तेलात १२०. फॅटचा प्रकार बदलतो हे खरं, आणि त्यासाठी वापरायचं तर जरूर वापरा, पण ‘हेल्दी आहे’ म्हणत बाटली उपडी करू नका.

लो-फॅट चीज वर घालू नका. फॅट नसेल तर ते वितळत नाही, चामड्यासारखं वाळतं. चांगलं, चवीला तेज चीज घ्या, कमी घ्या आणि बारीक बाजूने किसा. सॉसमध्ये मुळीच घालू नका, सगळं वर पसरा. जिभेला आधी जे लागतं तिथेच ते असायला हवं. नुसतं चीज पुरत नसेल तर कालच्या पावाचा चुरा चमचाभर तेलात चोळून त्यात मिसळा. कुरकुरीत पापुद्रा मिळतो आणि चीज कमी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मैद्याऐवजी कणीक चालते, जरा जास्त परता. नाचणीने सॉस गढूळ दिसतो. ओट्सच्या पिठाचा चिकटा होतो, रील काहीही म्हणो. लोणी कमी आणि पीठ तेवढंच ठेवलं की गुठळ्या ठरलेल्या. अर्धा लिटर दुधाला एक मोठा चमचा लोणी आणि तेवढंच पीठ परता. पुढचा दाटपणा थंड दुधात कालवलेल्या चमचाभर कॉर्नफ्लोअरने आणा.

मॅकरोनी पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन-तीन मिनिटं आधी उतरवा. उरलेली ती ओव्हनमध्ये शिजते आणि सॉस पिते. म्हणून सॉस ओतताना पळीवाढा हवा. कढईतच छान घट्ट दिसला तर भांड्यात त्याचा गोळा होणार. गव्हाची मॅकरोनी तर आणखी पिते.

मीठ शेवटी. प्रोसेस्ड चीजमध्ये भरपूर मीठ असतं, मॅकरोनीच्या पाण्यातही आपण घातलेलं असतंच.

साध्या मायक्रोवेव्हवर वरचं चीज तांबूस होत नाही, कितीही मिनिटं फिरवा. कन्व्हेक्शन मोड लावा किंवा ओटीजी, म्हणजे वर-खाली कॉइल असलेला छोटा ओव्हन, वापरा. २०० अंशांवर आधी १५ मिनिटं रिकामा तापवायचा, मग २०-२५ मिनिटं भाजायचं आणि शेवटची चार-पाच मिनिटं फक्त वरची कॉइल. तेव्हा समोर उभं राहायचं, फोन घेऊन हॉलमध्ये जायचं नाही. ‘प्रीहीट केलं नाही तर काय होतं?’ असं विचारणाऱ्यांना मी आता ‘करून बघ’ म्हणते. फ्रिजमधलं काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवलंत तर तडकू शकतं. रात्रीच भरून ठेवलं असेल तर अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्या.

बाहेर काढल्या काढल्या कापू नका. दहा-पंधरा मिनिटांत सॉस धरतो आणि वडी निघते. लोणी-क्रीमचा सॉस गरमही बरा उभा राहतो, हलका सॉस मात्र लगेच पसरतो. एवढं सगळं केल्यावर लोक नेमके इथे घाई करतात.

आणि हेल्दी आहे म्हणून दुप्पट खाणं ही चूक मी शिकवण्याच्या पलीकडची आहे.

उरलं तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. गरम करताना वर दोन चमचे दूध शिंपडा, फॉइल लावा आणि १६० अंशांवर १५ मिनिटं ठेवा. नाहीतर सरळ ब्रेडमध्ये भरून सँडविच टोस्टरमध्ये घाला, वर मिरचीचा ठेचा. आमच्याकडे काही जण रात्री कमी वाढून घेतात ते याच्यासाठीच.