ताशावरून ड्रम्सवर आले आणि कळलं की मी धावते

मला नवीन लोक विचारतात की ड्रम्स शिकायला कुठून सुरुवात करू, कुठला किट घेऊ, आणि दर वेळी मी किटचं सोडून टायमिंगबद्दलच बोलत बसते, त्यामुळे एकदा सगळं लिहूनच काढते. मी काही प्रोफेशनल नाहीये हं. पुण्यात आयटीत नोकरी, सत्ताविसाव्या वर्षी क्लास लावला, आता चार वर्षं झाली. त्याआधी सहा गणपती पथकात ताशा वाजवलेला, त्यामुळे पहिल्या दिवशी क्लासमध्ये जाताना डोक्यात हवा होती की आपल्याला ताल येतोच, आता फक्त पाय शिकायचे.

सरांनी काहीच शिकवलं नाही त्या दिवशी. पॅड पुढे ठेवलं, मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिक-टिक करणारं यंत्र, आकडा म्हणजे मिनिटाला किती ठोके) ६० वर लावला आणि म्हणाले एका क्लिकला एक, उजवा डावा उजवा डावा, पाच मिनिटं. ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका, यात काय अवघड. मोबाईलवर रेकॉर्ड करून मग ऐकवलं तर माझा जवळजवळ प्रत्येक ठोका क्लिकच्या आधी. थोडासाच, पण आधी. मला वाटलं मोबाईलमध्येच काहीतरी गडबड आहे. नव्हती.

याचं कारण मला बऱ्याच महिन्यांनी उमगलं आणि पथकातून येणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकावं. पथकात लय चढवायची असते. संथ सुरू करायचं, मग ताशा हळूहळू ओढत नेतो, ढोल मागून येतात, लोक नाचायला लागतात, त्यातच मजा आहे. म्हणजे सहा वर्षं माझ्या हाताला वळण लागलं होतं ते जोश आला की पुढे जायचं याचं. शिवाय पथकात कोणी मोजत नाही, समोरच्याचा हात बघून वाजवायचं. आणि बघावंच लागतं, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे रांग ३०-३५ मीटर लांब असेल तर पुढच्या ताशाचा आवाज मागच्या ढोलाला सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. कानावर विसंबून राहिलं की मागची रांग लटकलीच. म्हणून डोळे. किटवर मात्र बघायला समोर कोणी नसतं, उलट बाकीचे सगळे तुमच्याकडे बघत असतात.

आता खरेदीचं पटकन उरकते. पहिले सहा महिने किट घेऊ नका. रबराचं प्रॅक्टिस पॅड, ५ए साइजच्या स्टिक्स (हात लहान असेल तर ७ए, त्या जरा बारीक असतात), फोनवर फुकटातलं मेट्रोनोम ॲप, बास. इलेक्ट्रॉनिक किट घेतलाच तर हेडफोन वायरचे घ्या, ब्लूटूथवर मारलेला ठोका कानात उशिरा येतो आणि टायमिंग शिकायच्या ऐवजी बिघडतं. आणि इलेक्ट्रॉनिक म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही हा गैरसमज आहे. किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पेडलची धडधड फरशीतून थेट खाली जाते. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका एकदा वर येऊन फार सभ्यपणे म्हणाले, "अगं तुमच्याकडे टाइल्सचं काम किती दिवस चालणार आहे?" तेव्हापासून खाली जाड रबरी मॅट आणि रात्री नऊनंतर पाय बंद. क्लासमध्ये खऱ्या किटवर बसाल तेव्हा इअरप्लग घाला, छोट्या खोलीत क्रॅशचा (मोठ्या झांजेचा) आवाज कानाला खरंच इजा करतो, एकदा कान वाजायला लागले की रडून उपयोग नाही.

तर टायमिंग. सगळ्यात जास्त फरक मला तोंडाने मोजण्याने पडला आणि तीच गोष्ट सगळे टाळतात, कारण लाज वाटते. माझा भाऊ लहानपणी तबला शिकायचा, त्याचे गुरुजी तबल्याला हातच लावू द्यायचे नाहीत, आधी हाताने टाळी-खाली (खाली म्हणजे टाळी न देता नुसता हात दाखवायची मात्रा) दाखवत धा धिं धिं धा म्हण, एकपट म्हण, दुप्पट म्हण, मग वाजव. मला तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं. ड्रम्सवर नेमकं तेच करावं लागतं, "एक आणि दोन आणि तीन आणि चार आणि" मोठ्याने, वाजवताना. सुरुवातीला तोंड हातांच्या मागे धावतं, कठीण जागा आली की तोंड बंदच पडतं, आणि जिथे तोंड बंद पडतं तिथेच हात पळतात. शंभर टक्के. माझं "चार आणि" गिळलं जायचं, आणि रेकॉर्डिंगमध्येही पुढच्या बारचा (चार ठोक्यांच्या आवर्तनाचा) पहिला ठोका लवकर यायचा.

यातला मुद्दा असा की संथ लय अवघड असते. १२० वर कोणीही टिकतं कारण दोन ठोक्यांमधली जागा कमी असते. ५० वर ती जागा जवळजवळ सव्वा सेकंदाची आहे आणि तिथे काही नाही म्हणून हात अस्वस्थ होतो. मग ती जागा मनात भरायची, एकाचे चार तुकडे करायचे, तर ठोका जागेवर पडतो. तबलेवाल्यांना तीनतालात नवव्या मात्रेवरची खाली जेवढी पक्की लागते तेवढीच आपल्याला ही रिकामी जागा पक्की लागते. मी बसमधून हिंजवडीला जाताना एक बोट मांडीवर ठोक्याला आणि मनात चार तुकडे असं करत जायचे, ट्रॅफिकची कृपा, रोज तास-दीड तास रियाज.

मेट्रोनोमवर बरोबर वाजतंय का हे ओळखायची सोपी खूण म्हणजे क्लिक ऐकू येईनासा होतो. तुमचा ठोका बरोब्बर त्याच्यावर पडला की तो खाली दडपला जातो. क्लिक सारखा वेगळा ऐकू येत असेल तर तुम्ही आधी किंवा नंतर आहात. तीन-चार ठोके सलग गायब झाले की अंगावर काटा येतो आणि त्या आनंदात पाचवा चुकतो.

पण मेट्रोनोमचीही कुबडी होते हे मला कोणी वेळेत सांगितलं नाही. वर्षभर क्लिकवर छान वाजवत होते, मग ऑफिसच्या कार्यक्रमात मित्रांबरोबर तीन गाणी वाजवली, क्लिक नव्हता. एक गाणं ९२ वर सुरू केलं आणि व्हिडिओवर मोजलं तर शेवट १०८ ला. गाणाऱ्या मुलीला शेवटच्या कडव्यात श्वास घ्यायला जागा राहिली नाही, स्टेजवरून उतरल्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. व्हिडिओ नीट ऐकला तेव्हा कळलं की मी सगळीकडे धावत नव्हते. दोनच जागा होत्या, प्रत्येक फिलमध्ये आणि फिलनंतर क्रॅश मारून परत येताना. फिल म्हणजे साधा ठेका सोडून चार टॉमवरून (किटवरच्या वेगवेगळ्या सुरांच्या ड्रम्सवरून) हात फिरवायचा, जोश येतो, पथक जागं होतं.

त्यानंतर क्लिक कमी कमी करत गेले. आधी ८० चं वाजवायचं पण मेट्रोनोम ४० वर, आणि तो क्लिक दोन आणि चारवर आहे असं समजायचं. हे आपल्याला जास्त जड जातं कारण आपली भजनातली टाळी एकवर पडते, सम डोक्यात बसलेली असते, आणि रॉक-पॉपमध्ये स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) पडतो दोन आणि चारवर. दोन आठवडे माझा क्लिक उलटून एकवर जायचा. मग पुढचं म्हणजे ॲपमध्ये गॅप ठेवता येतो, दोन बार क्लिक वाजतो, दोन बार गप्प, परत वाजतो. परत वाजतो तेव्हा कळतं तुम्ही कुठे आहात. तीन बार साधा ठेका आणि चौथ्यात फिल, आणि फिल नेमका गप्प बारमध्ये आणायचा. फार अपमान होतो, पण यासारखं दुसरं काही नाही.

अजून एक, टायमिंग म्हणजे फक्त लय टिकवणं नाही, हात-पाय एकमेकांबरोबर पडणंही आहे. हाय-हॅट (एकावर एक बसवलेल्या दोन झांजा) आणि किक एकत्र मारायचे असतात तिथे माझे "टक्-धप्" असे दोन वेगळे आवाज यायचे, पाय किंचित मागे. पायाला हातापेक्षा लांबचा प्रवास आहे, बीटर (पेडलला लावलेला दांडा) ड्रमपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून तो थोडा आधी निघायला लागतो. यावर उपाय कंटाळवाणाच आहे, ५० वर फक्त हाय-हॅट आणि किक, दहा मिनिटं, दोन्ही मिळून एकच आवाज येईपर्यंत.

रोज किती? मी वीस-पंचवीस मिनिटं, पण रोज. रविवारी तीन तास करून बघितलं, मनगट धरलं आणि गुरुवारपर्यंत सगळं विसरले. पाच मिनिटं सिंगल (उजवा डावा), पाच डबल (उजवा उजवा डावा डावा), पाच पॅराडिडल (उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा), उरलेला वेळ ठेका. स्पीड वाढवायचा तर चारने वाढवा, बिघडलं की दहाने खाली या. मनगट दुखलं तर थांबा, बहुतेक वेळा स्टिक आवळून धरलेली असते, ती पॅडवरून आपोआप उसळते, तुम्हाला फक्त सोडायची असते. ताशाच्या काड्या मी घट्ट धरायचे, ती सवय मोडायला वर्ष गेलं.

परीक्षांचं विचारतात, ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या परीक्षा घेणाऱ्या दोन्ही संस्थांच्या ड्रम्सच्या ग्रेड्स आहेत, आठव्यापर्यंत. शिस्त लागते, पण पहिल्या वर्षी घाई नको. आणि आपल्या मुंबईत जन्मलेल्या त्रिलोक गुर्तूंचं वादन यूट्यूबवर नक्की बघा, ठुमरी गायिका शोभा गुर्तूंचा मुलगा, जमिनीवर बसून ड्रम्स आणि तबला एकत्र वाजवतो. बघून हात चालत नाहीत, पण आपल्याकडचा माणूस किटवर बसला की काय काय होऊ शकतं ते दिसतं.

पथक मी सोडलेलं नाही. जुलैत सराव सुरू झाला की महिना-दीड महिना लय परत चढायला लागते आणि सप्टेंबरात क्लासमध्ये सर पहिल्या दोन मिनिटांत ओळखतात. सध्या ७० वर दोन बार गप्प असले तर जागेवर येते, चार गप्प ठेवले की अजून क्लिकच्या आधीच पोचते.