सेशनला निघण्याआधी: दुसरी धून तयार आहे का?

रविवारी पुन्हा आयर्लंडमधल्या एनिसला जायचंय, सेशनला, म्हणजे पारंपरिक आयरिश धुनी एकत्र वाजवायच्या बैठकीला. क्लेअर काउंटीतल्या पबमध्ये कोपऱ्यातलं एक टेबल, भोवती फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, कॉन्सर्टिना (भात्याची छोटी हातपेटी) घेऊन बसलेली आठ-दहा माणसं आणि माझ्यासारखी हौशी एखादी. मागच्या वेळी माझ्यामुळे अख्खं टेबल थांबलं. ते परत व्हायला नको म्हणून ही तयारी लिहून काढतेय.

फिडल, गज, राळ कोणी विसरत नाही. ई ची एक जादा तार घ्या, तुटते ती हीच. फिडलच्या डोक्याला चिमट्यासारखा लागणारा, सूर बरोबर आहे का ते दाखवणारा ट्यूनर घ्या, गोंगाटात कान पुरत नाहीत. आपल्याकडे हिंदुस्थानी व्हायोलिन शिकून आलेल्यांनी तारा सा-प-सा-प वरून जी-डी-ए-ई वर आदल्या दिवशीच आणाव्यात. नव्याने ताणलेली तार लगेच स्थिर राहत नाही. त्यात बाहेरच्या गारठ्यातून शेकोटीशेजारी बसलं की सूर आणखी उतरतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांनी पुन्हा तपासा.

आता मुद्द्याचं. दुसरी धून.

इथे एकटी धून कोणी वाजवत नाही. दोन-तीन धुनी एकमेकींना जोडून सेट होतो. धुनीचे सहसा दोन भाग, प्रत्येक आठ बारचा (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड), प्रत्येक दोनदा, म्हणजे ३२ बारची एक फेरी. अशा साधारण तीन फेऱ्या झाल्या की न थांबता पुढची. आणि पुढची कुठली, ते ज्याने सेट सुरू केला त्यानेच ठरवायचं. जिगच्या, म्हणजे सहा मात्रांच्या नाचाच्या धुनीच्या लयीत एक फेरी जेमतेम ३५ सेकंदांची असते. विचार करायला पावणेदोन मिनिटंही मिळत नाहीत.

मला शेजारच्या आजोबांनी प्रेमाने सांगितलं, ‘आता तुम्ही एक घ्या.’ मी ‘केश’ नावाची जिग घेतली. सहा मात्रांची, तीन-तीनची, दादऱ्यावर वाढलेल्या हाताला सोपी. सगळे सामील झाले. तिसरी फेरी संपत आली तेव्हा बासरीवाल्या बाईंनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. माझा गज तारेवर होता आणि डोक्यात काहीही नव्हतं. धून ‘जी’ या सुरावर येऊन संपली. पुढे कोणी काही वाजवलं नाही, माझ्यासाठी थांबले होते ते. इतकी सुंदर लय जमली होती आणि ती माझ्या हातून सुटली, याचं वाईट अजून वाटतं.

म्हणून दुसरी धून. नुसती येत असून भागत नाही, तिची सुरुवात बोटात हवी. मी ‘केश’नंतर ‘मॉरिसन्स’ ही जिग ठरवलीय. तिचे पहिले दोन सूर लांब आहेत, ई आणि बी. डी च्या तारेवर पहिलं बोट, मग ए च्या तारेवर तेच बोट. मला दहा धुनी येतात, बघू ऐनवेळी, असं म्हणू नका! ऐनवेळी एकही आठवत नाही, कारण कानात आधीचीच धून घुमत असते. सराव दुसऱ्या धुनीचा वेगळा करू नका. पहिलीचे शेवटचे चार बार आणि दुसरीचे पहिले चार, एवढाच तुकडा घोटा. पुढची जोडी फिडलच्या पेटीच्या झाकणात चिठ्ठीवर लिहून चिकटवा. स्केल बदलणार असेल तर गिटारवाल्याला आधी सांगा.

लय आपल्याला झेपेल तीच धरा. सुरुवात करणाऱ्याची लय सगळे घेतात, घाई करून स्वतःच अडकू नका.

बाकीचं थोडक्यात. कोपऱ्यातल्या खुर्च्या ठरलेल्यांच्या असतात, विचारून बसा. न येणाऱ्या धुनीत चाचपडू नका, गज मांडीवर ठेवून ऐका. रेकॉर्डिंग विचारून. कागद, स्टँड नको, इथे सगळं पाठ असतं. फ्रान्सिस ओनील यांचा १९०३चा १८५० धुनींचा संग्रह घरी राहू दे. फिडलची पेटी पेल्यांपासून लांब. परतीची बस बघून ठेवा.

आणि दुसरी धून! आज झोपण्याआधी तो आठ बारचा तुकडा वीस वेळा.