घरचा योग जुलैतच का बंद पडतो? खान्देशातल्या घरांनी या चुका टाळा

२१ जूनला, योग दिनाला, शाळेच्या मैदानावर गर्दी होते. २०१५ पासून हा दिवस दरवर्षी साजरा होतो. दुसऱ्या दिवशी बरेच जण घरी सतरंजी टाकतात, रोज तासभर करायचं ठरवतात. मग पाऊस पडतो, पेरणीची धांदल सुरू होते आणि सतरंजी पुन्हा कपाटावर जाते. यात आळस कमी आणि बेताची चूक जास्त. इथलं ऊन, शेतीची कामं, नळाची वेळ आणि ताटातलं जेवण न बघता आखलेला योग टिकणार कसा?

वर्षभर एकच वेळ धरून बसणं

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या दिवसांत संध्याकाळी सहाला खोलीत योग करायचा म्हणजे स्वतःला छळणंच. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो, त्याचाच फायदा घ्या. मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. गाद्या गुंडाळण्याआधीचा अर्धा तास गच्चीवरच काढा. सूर्यनमस्कार कमी करा, जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याची भस्त्रिका बंद ठेवा. शीतली करा: जीभ नळीसारखी वळवून तोंडाने श्वास आत, नाकाने बाहेर. काहींची जीभ वळतच नाही. त्यांनी दात जुळवून फटींतून श्वास घेत शीत्कारी करावी. मात्र दोन्हींत तोंडाने श्वास आत जातो, म्हणून धुळीचं वारं सुटलं असेल, सर्दी किंवा दमा असेल, तर दोन्ही नको.

जानेवारीत सगळं उलटं होतं. सूर्य सातनंतर उगवतो, थंडीच्या लाटेत पारा दहाच्या खाली जातो आणि अंग लाकूड झालेलं असतं. तेव्हा पाचला उठून थेट पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकलं की कंबर धरते. आधी पाच मिनिटं हातपाय मोकळे करा, मग सूर्यनमस्कार आणि वाकणं शेवटी. हिवाळ्यात वेळ आठची ठेवली तरी काही बिघडत नाही. ब्राह्ममुहूर्ताच्या हट्टापायी सोडून देण्यापेक्षा ते बरं.

‘वावरात राबतो, मला कशाला योग?’

‘दिनभर वावरमा राबतस, आमले कसाले लागस योगा?’ हे गावात हमखास ऐकू येतं. प्रश्न रास्त आहे. अंगमेहनत होतेच, पण ती एकाच बाजूने होते. निंदणी असो की कापूस वेचणी, कंबर तासन्‌तास पुढेच वाकलेली असते. अशा माणसाने घरी येऊन पुन्हा पुढे वाकण्याची आसनं केली तर दुखणं वाढणारच. त्याला हवं उलट दिशेचं: पालथं पडून छाती उचलायचं भुजंगासन, एकेक पाय उचलायचं अर्धशलभासन, मग पालथं पडून मकरासनात दोन-तीन मिनिटं. वेचणीच्या दिवसांत बायकांना बोटं आणि मनगटं वळवण्याचे साधे सूक्ष्म व्यायामही सूर्यनमस्कारापेक्षा जास्त कामाला येतात. दमून आल्यावर बारा सूर्यनमस्कार मारण्यात शौर्य नाही.

दिवसभर गादीवर किंवा काउंटरमागे बसणाऱ्या दुकानदाराचं तसं नाही. त्याचे गुडघे, मांडीचे सांधे आणि मान आखडलेली असते. त्याने उभ्याची आसनं आणि सूर्यनमस्कार धरावेत. एकाच घरातल्या बापाने आणि लेकाने एकच व्हिडिओ लावून एकच क्रम करावा, असं काही नाही.

रात्री शेवभाजी, पहाटे कपालभाती

हिवाळ्यात भरिताच्या पार्ट्या रंगतात, रात्री दहाला पंगत उठते. सकाळी पोट जड, आंबट ढेकर, आणि लोक म्हणतात योग सोसत नाही. सोसत नाही ते रात्रीचं तेल! भरपेट जेवणानंतर आसनांना तीन-चार तास द्यावेत. चहाला एवढा वेळ लागत नाही. जेवल्यावर लगेच चालतं ते फक्त वज्रासन, तेही गुडघे धड असतील तर. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोटावर जोर येणारं काही न करता नुसतं अनुलोम-विलोम करावं.

कपालभातीबद्दल आणखी एक. त्यात जोर श्वास सोडताना द्यायचा असतो, आत येणारा श्वास आपोआप येतो. आत ओढायलाही जोर लावला की चक्कर येते. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी ती करूच नये. पोटाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. टीव्हीवरचा वेग बघून तेवढ्या वेगाने हाणण्याची स्पर्धा गावोगाव दिसते. तिच्यातून मिळत काहीच नाही.

फरशी आणि मोबाइल

गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, म्हणून उभ्याची आसनं अनवाणी थेट फरशीवर करा आणि बसायला, झोपायला घडी घातलेली गोधडी घ्या. महागडी मॅट नसली तरी अडत नाही. मोबाइल जमिनीवर ठेवून भुजंगासनात मान वळवून बघत राहिलात तर मान धरेल. क्रम कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा.

दुखेपर्यंत ताणणं

गुडघ्यात कळ येत असेल तर पद्मासन सोडा, सुखासनात बसा आणि बुडाखाली उशी घ्या. पश्चिमोत्तानासनात पोटऱ्या ओढल्या जात असतील तर गुडघे थोडे वाकवा. मनगट दुखत असेल तर तळव्यांऐवजी कोपरांवर भार घ्या. शवासनातून ताडकन उठल्याने गरगरतं. कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठा.

आसनं धक्के देऊन करायची नसतात, हे सांगणाऱ्यांत एक माणूस तर आपल्या अमळनेरला शिकवत होता. स्वामी कुवलयानंद लोणावळ्याला जाण्याआधी खान्देश एज्युकेशन सोसायटीत शिक्षक होते. १९२४ साली त्यांनी तिथे कैवल्यधाम ही योगसंस्था काढली आणि उड्डीयानबंध (श्वास सोडून पोट आत-वर ओढणं) करताना पोटात नेमकं काय होतं, ते क्ष-किरण लावून तपासलं. योगाला प्रयोगशाळेत नेणारा हा माणूस अमळनेरात वावरला होता, हे कितीतरी अमळनेरकरांना ठाऊक नसतं.

सुटलेल्या दिवसाची भरपाई

कानबाईच्या सणाचे रोट, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी, घरातलं लग्न: दिवस सुटणारच. दुसऱ्या दिवशी दुप्पट करून अंग दुखवू नका. कितीही गडबड असली तरी जमेल असा क्रम आधीच ठरवून ठेवा, जसं तीन सूर्यनमस्कार, एक भुजंगासन आणि पाच मिनिटं अनुलोम-विलोम. बहुतेक घरांत सगळं मिळून दहा मिनिटं. पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येणाऱ्या गावात, नळ येतो त्या सकाळी एवढंच करायचं. घड्याळाच्या वेळेपेक्षा घरातल्या कामाला जोडा: टाकी भरायला लावली की सतरंजी टाकायची.

दिवाळीनंतर भाव चढेल या आशेने कापूस घरात भरून ठेवला, तर बसायलाही जागा राहत नाही. दाराजवळ दोन माणसं उभी राहतील एवढ्या जागेत ताडासन, वृक्षासन आणि उभ्याने कंबर वळवायचं कटिचक्रासन होतं. साठवलेल्या कापसाची धूळ उडते आणि अंगाला खाजही सुटते. म्हणून प्राणायाम त्या खोलीत नको, ओट्यावर करा.