काळी वायर फेज कुणी केली? तांत्रिक माहिती पडताळताना या चुका टाळा

आयटीआय आणि शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या एका मराठी संकेतस्थळाचा तांत्रिक मजकूर मी दादरच्या एका छोट्या कार्यालयात बसून तपासते. घरगुती वायरिंगवरचा एक लेख प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवशी पंखा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनची नजर माझ्या पडद्यावरच्या आकृतीवर गेली आणि त्याने विचारले, “ताई, काळी वायर फेज कुणी केली?” मी आधार उघडून पाहिला. लेखकाने अमेरिकी मजकुरावरून आकृती काढली होती. तिथे फेजची (वीज आणणारी) वायर काळी आणि न्यूट्रलची (वीज परत नेणारी) पांढरी असते. आपल्या घरांतल्या नेहमीच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग असते, तर इस्त्री-मिक्सरच्या लवचीक केबलमध्ये तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. लेखातले एकही विधान अमेरिकेत चुकीचे ठरले नसते. लालबागच्या चाळीतल्या एखाद्या विद्यार्थ्याने मात्र ते वाचून काळ्या वायरवर बटण बसवले असते, म्हणजे दिवा विझल्यावरही होल्डरमध्ये फेज तसाच राहिला असता.

माहिती कोणत्या देशातली आहे हे न पाहणे, ही मला सर्वांत जास्त वेळा आढळणारी आणि सर्वांत धोकादायक चूक आहे. हीच गोष्ट गणितांतही डोकावते. १००० वॉटची इस्त्री १२० व्होल्टवर सुमारे ८.३ अँपिअर विद्युतधारा घेते आणि आपल्या २३० व्होल्टवर सुमारे ४.३. परदेशी उदाहरण जसेच्या तसे उचलले, तर आपल्याकडच्या ६ अँपिअरच्या प्लगवर ती इस्त्री चालणारच नाही, असा निष्कर्ष निघतो. वायर, प्लग, फ्यूज, अर्थिंग यांविषयीचे विधान भारतीय मानक ब्यूरोच्या मानकाशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नये. ही मानके ब्यूरोच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात, त्यामुळे ‘मिळाले नाही’ ही सबब आता चालत नाही.

दुसरी चूक म्हणजे प्रती मोजणे. ‘दहा ठिकाणी तेच लिहिले आहे’ असे लेखक सांगतो, तेव्हा त्या दहा जणांनी एकाच विहिरीतून पाणी भरले आहे का, हे आधी पाहावे लागते. पालकातल्या लोहाचा आकडा दशांशचिन्ह चुकल्यामुळे दहापट फुगला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. १९८१ मध्ये ब्रिटिश डॉक्टर टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ती सांगितली आणि पुढे ती असंख्य ठिकाणी उद्धृत झाली. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक माइक सटन यांनी २०१० मध्ये मूळ आधार शोधायला घेतला, तेव्हा त्या दशांशचिन्हाच्या चुकीचाच पुरावा सापडला नाही. निष्काळजीपणाचे उदाहरण म्हणून दिली जाणारी गोष्टच कुणी तपासली नव्हती! दोन लेखांत तेच उदाहरण, तीच गोळाबेरीज किंवा तोच टंकदोष दिसला, की मी त्यांना एकच स्रोत धरते आणि ज्याने मोजले किंवा ज्याने ठरवले, त्याच्यापर्यंत मागे मागे जाते. एआयने दिलेल्या संदर्भाबाबत तर शीर्षक, नियतकालिक, वर्ष आणि पान प्रत्यक्ष उघडून पाहावे, कारण अस्तित्वातच नसलेला निबंधही तो नीटनेटक्या स्वरूपात लिहून देतो.

माहिती एकेकाळी खरी असते आणि नंतर शिळी होते, हा दोष पकडणे जास्त कठीण. मुंबईची लोकल १५०० व्होल्ट डीसीवर (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर) धावते, असे वाक्य अजूनही अभ्यासाच्या टिपणांत सापडते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली, तेव्हा ते खरे होते. पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाने २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गाने २०१६ मध्ये २५ हजार व्होल्ट एसीवर (दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर) येण्याचे काम पूर्ण केले. त्यानंतर ते वाक्य इतिहासाच्या परिच्छेदातच शोभते. किलोग्रॅमचेही तसेच. २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या पॅरिसजवळच्या धातूच्या दंडगोलावर नाही, तर प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या मूल्यावर, आधारलेली आहे. पायथन या संगणकीय भाषेच्या धड्यात ‘प्रिंट’ या आज्ञेनंतर कंस दिसला नाही, तर तो धडा पायथन २ च्या काळातला समजावा. त्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. अशा प्रत्येक विधानाशेजारी आम्ही आता ‘कधी तपासले’ हा रकाना ठेवतो.

मूळ स्रोत बरोबर असूनही आकडा बिघडतो, तो बहुधा नकलताना. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ × १०⁸ मीटर आहे. साध्या मजकुरात चिकटवल्यावर घातांक खाली उतरतो आणि ३ × १०८ उरते, म्हणजे ३२४ मीटर. म्हणून प्रत्येक घातांक प्रकाशित पानावर, तोही मोबाइलवर, पुन्हा पाहावा. बिलियन म्हणजे दशलक्ष नव्हे, अब्ज. संज्ञांच्या बाबतीत वजन आणि वस्तुमान यांची गल्लत नेहमीची आहे, आणि हिंदीतून आलेला ‘प्रतिरोध’ (रेझिस्टन्स) वाचून पाठ्यपुस्तकात ‘रोध’ शिकलेला विद्यार्थी गोंधळतो. शासनाचे परिभाषा कोश यासाठीच आहेत.

तज्ज्ञाकडे संपूर्ण लेख पाठवून ‘बरोबर आहे ना?’ असे विचारण्यात फारसा अर्थ नसतो. कामात बुडालेला माणूस वरवर वाचून ‘छान आहे’ असे कळवतो, आणि आपण ते पडताळणी म्हणून नोंदवतो. त्याऐवजी शंकेची चार वाक्ये वेगळी काढून ‘यांतले कोणते, कोणत्या परिस्थितीत चुकीचे ठरेल?’ असे विचारले, की उत्तर कामाचे येते. त्या वायरमनला आम्ही आता वायरिंगच्या आकृत्या मानधन देऊन दाखवतो.

चूक प्रसिद्ध होऊन गेलीच, तर ती गुपचूप बदलू नये. काय बदलले आणि कधी, हे पानावरच लिहावे. मग त्याच आकड्याची पिलावळ शोधावी: सराव प्रश्नसंच, उत्तरसूची, व्हिडिओखालच्या ओळी, चित्रांतला मजकूर. आमच्या रेल्वेच्या लेखातले १५०० व्होल्ट आम्ही दुपारी दुरुस्त केले होते; संध्याकाळी एका शिक्षिकेने कळवले की प्रश्नसंचातल्या सातव्या प्रश्नात अजूनही तेच उत्तर बरोबर धरून गुण दिले जात आहेत.