गॅदरिंगचं जुनं स्किट आहे, आता चालेल का? कसं दुरुस्त करायचं, टीव्हीवाल्यांकडून काय उचलायचं

गॅदरिंग, गणपती, विद्यापीठाचा युवारंग महोत्सव यातलं काहीही जवळ आलं की ग्रुपवर मेसेज पडतोच, "कोणाकडे स्किट आहे का भो, दहा मिनिटांचं", आणि मग कोणीतरी सिनियर जुन्या वहीचे फोटो टाकतो. वहीत काय असतं ते जळगाव, धुळे, नंदुरबार कुठलंही कॉलेज घ्या सेमच. मुलगी बघायचा कार्यक्रम. मिशीवाला पोरगा साडी नेसून नवरी, नवरदेव तोतरा, गडी अहिराणी बोलतो म्हणून येडा, आणि एक मामा आहे जो नवरीच्या काळ्या रंगावर लागोपाठ जोक मारतो. एकेकाळी या सगळ्याला शिट्ट्या पडायच्या, आता अर्धा हॉल गप्प बसतो आणि उरलेल्या अर्ध्यातला एक जण रेकॉर्डिंग करत असतो.

वही फेकू नका, त्यात माल आहे. फक्त दुरुस्ती कुठे करायची ते कळलं पाहिजे, आणि यात टीव्हीवाले आपल्या बरेच पुढे आहेत कारण त्यांनी मार आधी खाल्लाय.

सुरुवातीला एक गोष्ट करू नका, ती म्हणजे नुसते शब्द कापणं. शिवी काढली, "काळी" च्या जागी "सावळी" टाकलं, झालं काम, असं नसतं. टीव्हीनं पण आधी हाच शॉर्टकट मारला. २०२० च्या जूनमध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसांच्या हातून मेल्यावर आंदोलनं पेटली तेव्हा चॅनलवाले घाबरून जुनं काढायला लागले. ब्रिटनची 'लिटल ब्रिटन' ही कॉमेडी सिरियल बीबीसी आयप्लेयर आणि नेटफ्लिक्सवरून गेली, कारण त्यात गोरे नट तोंडाला रंग फासून दुसऱ्या वंशाची माणसं करायचे, आणि ते काढणं मला तरी बरोबर वाटतं. पण त्याच झटक्यात 'फॉल्टी टॉवर्स' या जुन्या ब्रिटिश कॉमेडीचा १९७५ चा जर्मन पाहुण्यांचा एपिसोड पण यूकेटीव्ही या कंपनीनं काढला. त्यात एक म्हातारा मेजर आहे तो काळ्या लोकांबद्दल वाईट शब्द वापरतो, पण हसायचंय ते मेजरच्या बुरसटलेल्या डोक्याला, आणि त्या सिरियलचा लेखक आणि नट जॉन क्लीजनं नेमकं हेच सांगत चॅनलवाल्यांना झापलं. शेवटी थोड्या दिवसांत एपिसोड परत आला, सुरुवातीला वॉर्निंगची पाटी लावून. म्हणजे बघा, दोन्हीकडे आक्षेपार्ह मालच आहे पण एकात हसू दुबळ्यावर पडतं आणि दुसऱ्यात हिणवणाऱ्यावरच पडतं. कात्रीला हा फरक कळत नाही, लेखकाला कळला पाहिजे.

म्हणून वही घ्या, लाल पेन घ्या, आणि जिथे जिथे टाळी अपेक्षित आहे त्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा, हसू कोणावर. विषय काय आहे ते लिहायचं नाही, हसू कोणावर तेवढंच. तोतरेपणा हा विषय झाला, हसू तोतऱ्यावर असेल किंवा त्याला बोलू न देणाऱ्यांवर असेल. पानभर लिहून झालं की एकदम दिसतं की सगळं हसू दोन-तीन माणसांवरच सांडलंय आणि ती सगळी अशी आहेत की स्टेजवरून उलट उत्तर देऊ शकत नाहीत.

आता एकेक पात्र घेऊ. तोतऱ्या नवरदेवावर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण इथे दुरुस्तीनंतर स्किट आधीपेक्षा भारी होतं. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२४ मध्ये निपुण मल्होत्रा यांच्या केसमध्ये, एका हिंदी सिनेमावरून, अपंगत्वावरच्या विनोदाचे सरळ दोन भाग केले. एक विनोद अपंगत्व समजून घेतो, लोकांच्या डोक्यातल्या चुकीच्या समजुती मोडतो, दुसरा त्या माणसालाच खाली दाखवतो. पहिल्याला कोर्टाची ना नाही, ही गोष्ट बऱ्याच लोकांना माहीतच नसते, त्यांना वाटतं आता काही बोलायचंच नाही. तर जुन्या वहीत असं असतं:

नवरदेव: मा-मा-मा-माझं नाव…
मामा: मामाचं नाव नको सांगू, तुझं सांग!

यात आहे काय? काही नाही. आता तोच नवरदेव ठेवा, आणि गंमत त्याच्या बोलण्यातून काढून बाकीच्यांच्या घाईत टाका (बापू नवरदेवाचे वडील, अण्णा नवरीचे):

नवरदेव: मला हुं… हुं…
मामा: हुंडा! पाच लाख म्हणतोय पोरगा.
आई: हुरडा म्हणतोय हो, भूक लागली त्याला.
बापू: पाच लाखात गाडी पण धरा.
नवरदेव: हुं… हुंडा मागू नका म्हणतोय मी! आणि अण्णा, यांनी आधीच्या ठिकाणी पण असंच केलं.

हसू मामावर आणि बापूवर गेलं, नवरदेव हिरो झाला, वर हुंड्याचा विषय आला आणि कोणी भाषण पण दिलं नाही. हे करताना एक काम मात्र कराच, तुमच्या ओळखीत अडखळत बोलणारं कोणी असेल तर त्याला वाचायला द्या, नाहीतर सरळ रोलच द्या. दुसऱ्यांनी आपलं वाक्य पूर्ण केल्यावर किती डोकं फिरतं हे त्याच्याइतकं कोणाला माहिती असणार, दोन जोक तोच वाढवून देईल. रोल कोणी करायचा यावर टीव्हीत मोठी उलथापालथ झालीय. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन कार्टूनमधल्या अपू या भारतीय दुकानदाराचा आवाज हँक अझारिया हा गोरा नट वर्षानुवर्षं काढत होता, २०१७ मध्ये हरी कोंडाबोलू या कॉमेडियननं त्यावर अख्खी डॉक्युमेंटरी केली आणि २०२० मध्ये अझारियानं तो आवाज सोडला. आमच्याकडचं म्हणाल तर मालेगावच्या छोटूदादाचे व्हिडिओ खानदेशात कोणी बघितले नाहीत असं घर सापडणार नाही, माणूस उंचीनं लहान आहे पण कथेत दादा तोच आहे, आयडिया त्याच्याच चालतात आणि फसतात पण त्याच्याच.

रंगाचं. २०१६ मध्ये तनिष्ठा चॅटर्जी एका हिंदी कॉमेडी शोमध्ये सिनेमाच्या प्रमोशनला गेली होती, तिच्या सावळ्या रंगावरूनच जोक सुरू झाले, ती मधूनच उठून निघून गेली आणि सगळं फेसबुकवर लिहिलं. चॅनलनं माफी मागितली. कार्यक्रम रोस्टचाच होता, म्हणजे पाहुण्याची तोंडावर खेचायचा, पण रोस्टमध्ये माणसाच्या कामाची, सवयीची, फुशारकीची खेचतात. आता आपल्या मामाला हलवू नका, त्याला तसाच गोऱ्या रंगाचा भुकेला ठेवा आणि उत्तर नवरीच्या आजीला द्या: "मामा, गोरी आणा की काळी आणा, मे महिन्यात दोन दिवस भुसावळला ठेवा, सगळ्यांचा कलर सेम." किंवा "केळीच्या बागेत दुपारी कोण जाणार मग, ती की तुम्ही छत्री घेऊन?" आमच्या भागात ही वाक्यं पडणारच, उन्हाची शपथ.

अहिराणी गडी. इथे मला जरा राग येतो म्हणून लांब होईल. मराठी सिनेमा-सिरियलमध्ये गावाकडची बोली आली की ती मोलकरणीच्या, वॉचमनच्या नाहीतर येड्या पाहुण्याच्या तोंडी आली हे आपण सगळ्यांनी बघितलंय आणि त्यावर आपण चिडतो. बरोबर चिडतो. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांमध्ये नियम ६ म्हणजे प्रोग्राम कोड आहे, त्यात विशिष्ट वांशिक, भाषिक, प्रादेशिक गटांना कमी लेखणारं दाखवू नये असं चक्क लिहिलंय. पण मग आपल्याच गॅदरिंगला आपण काय करतो, शहाद्याच्या पुढे धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पावरा-भिल पोरांच्या बोलण्याची नक्कल करतो, पिसं लावून हुर्रर्र करत नाचतो आणि त्याला आदिवासी डान्स म्हणतो. होस्टेलची तीच पोरं समोर बसलेली असतात. पुण्या-मुंबईवाल्यांनी आपल्याला केलं ते आपण सातपुड्याला करायचं, हे काय कॉमेडी झाली का. ते सोंग वहीतून काढा, इथे दुरुस्ती वगैरे नाही.

गडी मात्र राहू द्या आणि अहिराणीच बोलू द्या, फक्त अक्कल त्याच्याकडे द्या. येडा करायचाच तर पुण्याहून दोन वर्षांनी आलेला पोरगा करा जो "आम्ही तिकडे असं नाही बोलत" म्हणत शुद्ध मराठी झाडतो आणि गरम चहा मांडीवर सांडल्या सांडल्या "ओ माय वं!" करून उठतो. गडी शांतपणे: "ऊना का घर!" (आलास का घरी!) बास, सीन तिथेच संपवा.

साडीवाल्या पोराचं लोक सगळ्यात जास्त विचारतात, ठेवू का काढू. साडी नेसलेला पुरुष आपल्याला नवीन नाही, बालगंधर्व स्टेजवर यायचे तेव्हा बायका त्यांच्याकडून फॅशन घ्यायच्या, कोणी खी-खी करत नव्हतं. दुसरीकडे सिनेमात नाच्या रंगवणारे गणपत पाटील, भूमिका गाजल्या पण लोकांनी चिडवलं त्यांना खऱ्या आयुष्यात. टीव्हीवर २०१३ मध्ये सुनील ग्रोव्हरनं बाई होऊन केलेली गुत्थी आली, तिला स्वतःची बोलायची ढब होती, स्वतःची स्वप्नं होती, म्हणून ती टिकली, आणि तिच्या मागून साड्या नेसून आलेले कितीतरी कोणाच्या लक्षात पण नाहीत. दरम्यान २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथी ओळखीला मान्यता दिली, २०१८ मध्ये कलम ३७७ चा समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग गेला, कॉलेजात पोरं उघड बोलायला लागली. माझी टेस्ट सोपी आहे, नवरीचे सगळे डायलॉग एका मुलीला वाचायला द्या. तरी हसू आलं तर पोराला साडी नेसवा बिनधास्त. हसू गेलं तर तिथे जोक नव्हताच, नुसती साडी होती.

जाड-बारीक, टक्कल, बायको माहेरी गेली, यांचं जास्त लांबवत नाही, हे अपमानाच्या आधी शिळे आहेत. जातीवरून काही नको, ॲट्रॉसिटी कायदा १९८९ पासून आहे आणि स्टेज ही सार्वजनिकच जागा असते.

आता उलटा धोका सांगतो. हसू दुबळ्यावरून काढून मोठ्यावर टाकलं की सगळे खुश होतात असं नाही. किकू शारदानं टीव्हीवर बाबा राम रहीमची नक्कल केली आणि जानेवारी २०१६ मध्ये हरियाणा पोलिसांनी त्याला अटक केली, धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली. त्याला लोक पण आक्षेपार्ह जोकच म्हणतात, पण दुखावणं वेगळं आणि मोठ्या माणसाला राग येणं वेगळं, हे दोन एका पिशवीत भरू नका. अर्थात मंडळाच्या बॅनरवर ज्याचा फोटो आहे त्याचीच नक्कल करायची का हे तुमचं तुम्ही ठरवा, वर्गणी तुमची.

अजून एक लोचा. अमेरिकेत १९७१ ला 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली, त्यातला आर्ची बंकर हा वंशद्वेषी बाप, आणि सगळी सिरियल त्याची खिल्ली उडवायला लिहिलेली. १९७४ मध्ये विडमार आणि रोकीच या संशोधकांनी प्रेक्षक तपासले तर ज्यांच्या डोक्यात आधीच द्वेष होता त्यांना आर्चीच बरोबर वाटत होता. तुमच्या मामाचं पण हेच होऊ शकतं. म्हणून मामा जोक मारल्यावर त्याला टाळीसाठी पॉज देऊ नका, आजीचं उत्तर लगेच त्याच्यावर आदळलं पाहिजे, टाळी तिला. हे लिहून होत नाही, तालमीत बसवावं लागतं.

तालीम झाली की मोबाईलवर पूर्ण शूट करा आणि मधलेच कुठलेही वीस-वीस सेकंद कापून अशा कोणाला तरी दाखवा ज्यानं स्किट बघितलेलं नाही. कारण गावभर तेवढंच फिरणार आहे, पुढचंमागचं कोणी बघत नाही. जो तुकडा एकटा पडल्यावर वाईट दिसतो तिथे उत्तराचं वाक्य पुढे ओढा किंवा तो तुकडाच बदला. बघणाऱ्यांत ज्याच्यावर जोक आहे त्यातलं एक माणूस पाहिजेच, आणि मुली पाहिजेत, नुसते स्किटवाल्यांचे रूममेट असतील तर ते कशालाही हसतात.

युवारंगला किंवा कुठल्याही विद्यापीठ महोत्सवाला जाणार असाल तर एआययूच्या (देशातल्या विद्यापीठांची संघटना) नियमात स्किटला सहा जण आणि दहा मिनिटं आहेत, आणि अश्लीलता, बोचरे टोमणे टाळा, निखळ विनोद-उपहास करा असंही तिथे लिहिलंय. सारांश आधी द्यावा लागतो, त्यात हसू कोणावर आहे ते एका ओळीत लिहा, परीक्षकाला पण सोपं जातं.

आणि एवढं करून पण कोणी येऊन म्हणालं की हे लागलं मला, तर स्टेजमागेच वाद घालू नका, "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर" हे टीव्हीछाप वाक्य पण नको. कोणतं वाक्य लागलं ते विचारा, पटलं तर पुढच्या प्रयोगाआधी बदला आणि त्याला कळवा. नाही पटलं तर का नाही ते त्याला नीट सांगा, चहा पाजून.