राहुकाळ आपल्या गावाचा काढा

रविवारी गाडी आणायची, टोकन द्यायचं, की घरातून हमखास आवाज येतो: "साडेचार ते सहा नको हं, राहुकाळ आहे!" हे साडेचार ते सहा पाठ असलेलं कोष्टक सूर्योदय 6 ला आणि सूर्यास्तही 6 ला धरून केलंय. वर्षातले बहुतेक दिवस तसे नसतातच.

खरी रीत सोपी आहे. त्या दिवशीचा आपल्या गावचा सूर्योदय-सूर्यास्त बघा, मधल्या वेळेचे 8 सारखे भाग करा. सोमवारी दुसरा भाग राहुकाळाचा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा, रविवारी आठवा.

जूनच्या मध्याला मुंबईत साधारण 6 ला उजाडतं, सव्वासातला मावळतं. दिवस सव्वातेरा तासांचा, म्हणजे एक भाग 99 मिनिटांचा. रविवारचा राहुकाळ सुरू होतो 5:36 च्या सुमारास. म्हणजे ज्या पाच वाजता आपण शोरूमबाहेर ताटकळत चहा पीत बसतो, ती वेळ मोकळीच असते!

नागपूरकरांनी मुंबईची वेळ उचलू नये. रेखांशामुळेच जवळपास 25 मिनिटांचा फरक पडतो. लंडनला असाल तर पुण्याहून आईने व्हॉट्सॲपवर पाठवलेला भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो या कामी निरुपयोगी. मोबाईलमधल्या पंचांगातही आधी शहर बदलून घ्या.

लग्न-मुंजीचा मुहूर्त मात्र नुसत्या राहुकाळावर ठरत नाही, तिथे गुरुजींनाच विचारा.